जिताड्याच्या खवल्यांची फुलं

अलिबाग, भोगी, १३ जानेवारी १९३४

जीभ कशी झडली नाही माझी?

हिराबाय कोळीण महिनाभर माझ्यासाठी जिताड्याचे खवले बाजूला काढून आणतेय. मी ते चुन्याच्या निवळीत धुते, कुंकवाच्या पाण्यात रंगवते आणि संक्रांतीच्या कार्डांवर त्यांची फुलं चिकटवते. आज पहिलं कार्ड तिलाच द्यायचं ठरलं होतं. ती मागच्या दारी मासळीची पाटी घेऊन बसली, आणि नेमक्या शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. पाटी दिसताच त्यांनी नाकाला पदर लावला. मग कार्ड उचलून म्हणाल्या, "अगबाई, काय नाजूक! कशाच्या गं या पाकळ्या?"

"शिंपल्याच्या," मी म्हटलं. विचारसुद्धा न करता.

त्यांनी कार्ड कपाळाला लावलं, "देवापुढे ठेवते" म्हणाल्या आणि घेऊनही गेल्या. हिराबायचं कार्ड! देवाचं काय ते देव बघेल. पण शिंपल्याच्या म्हटलं मी, तिच्यादेखत.

उठताना तिने पदराची गाठ सोडली. आजचे खवले, धुऊन आणलेले, पायरीवर ओतले.

"घे बाय," म्हणाली, "तुजी शिंपली."