पुठ्ठ्याचं गाव आणि ढोल्या

१४ डिसेंबर, शनिवार

पुन्हा ओलं! आज पोस्टाची भिंत गेली. पुठ्ठा फुगून वर आलाय, खाली बर्फ म्हणून पसरलेला कापूस पिवळा. सासरेबुवांनी महिनाभर खपून केलेलं गाव — घरं, स्टेशन, घड्याळाचा मनोरा, आत इवले इवले दिवे — आणि आमच्या ढोल्या कुत्र्याला तंगडी वर करायला हीच जागा सापडावी! इतक्या वर्षांत घरात कधी थेंब सांडला नाही. आता म्हातारपणी हे थेर.

दर नाताळच्या सुट्टीतलं हे गाव जमिनीवरच मांडायचं, हा सासरेबुवांचा दंडक. गल्लीतल्या पोरांना बसल्या जागी खिडक्यांतून आत डोकावता आलं पाहिजे म्हणे. यंदा नणंद तान्ह्याला घेऊन येणार. पहिला नातू, नुकता रांगायला लागलाय. तो सुसाट तिथेच जाणार.

नवरा चहा पिता पिता म्हणाला, ताई येईपर्यंत हे थांबलं नाही तर ढोल्याला मित्राच्या रोपवाटिकेवर सोडून येईन. अगदी शांतपणे म्हणाला. तो चिडून बोलला की मी घाबरत नाही, शांतपणे बोलला की धडकी भरते.

१५ डिसेंबर

गावाभोवती खुर्च्यांचं कुंपण घातलं. आत संत्र्याच्या साली पसरल्या, कुत्र्यांना तो वास सोसत नाही म्हणून. आमच्या दिवट्याने साली खाल्ल्या!

१६ डिसेंबर, सोमवार

आज तर डोळ्यांदेखत! कामावरून आले, चपला काढतेय, आणि साहेब स्टेशनवर पाय वर करून उभे. मी ओरडले तसा ओशाळून पलंगाखाली शिरला. सासरेबुवा शेजारीच सतरंजीवर, हातात खळ. मान खाली घालून खळ ढवळत राहिले. एरवी ढोल्याला कुणी हड् म्हटलं तरी यांच्या कपाळाला आठ्या पडतात.

दिवसभर लाँड्रीत लोकांचे डाग काढायचे आणि घरी येऊन कुत्र्याचे! लाँड्रीतलं जालीम पाणी बाटलीत भरून आणलं होतं, त्याने फरशी रगडली. नाकातून पाणी आलं, पण मनाला बरं वाटलं.

१८ डिसेंबर

पुन्हा ओलं. पुन्हा जालीम पाणी. सासरेबुवा दिवसभर तिथे बसून पडझड दुरुस्त करतात. उठताना भिंत धरतात, अर्धे उठून परत खाली बसतात. या वर्षी टेबलावर मांडू या का, म्हटलं. नको म्हणाले.

१९ डिसेंबर

ढोल्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे. प्रकृती ठणठणीत. फरशी कशाने पुसता, त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, त्यात अमोनिया असतो. त्याला तो लघवीचाच वास वाटतो. तुम्ही रोज आमंत्रण देताय."

म्हणजे हे सगळं माझंच शहाणपण! येताना व्हिनेगर घेतलं. रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही हसला. मला रडूच यायचं बाकी होतं.

२१ डिसेंबर

कोरडं!

२२ डिसेंबर

आजही कोरडं. सासरेबुवा मात्र गावाकडे फिरकले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून पडून होते. ढोल्या त्यांच्या पायाशी.

२३ डिसेंबर, सोमवार

संपलं.

नातू उद्या येणार म्हणून सासरेबुवा सकाळीच मनोरा रंगवायला बसले. दुपारी आम्ही दोघं घरी आलो तर सतरंजी ओली, मनोरा खालून मऊ. ढोल्या बाजूलाच पसरलेला. नवऱ्याने खुंटीवरची साखळी काढली. मी भांडले, घसा बसेपर्यंत भांडले. तो एवढंच म्हणाला, "उद्या पोर तिथे रांगणार आहे."

बाबा, तुम्ही तरी सांगा, म्हटलं. ते ब्रश पुसत राहिले. पुसलेलाच ब्रश. मला त्यांचा इतका संताप आला! ज्याला मांडीवर वाढवलं त्याच्यासाठी तोंडातून एक शब्द निघू नये?

ढोल्या नवऱ्याच्या टेम्पोत उडी मारून बसला. फिरायला नेतायत असं वाटलं असेल त्याला.

२४ डिसेंबर

नवरा नणंदेला आणायला गेलाय. मी दिवे लावायला गावापाशी गेले. सतरंजी ओली. सासरेबुवांचा पायजमाही ओला. खाली बसलेले, उठता येत नव्हतं.

"वेळेवर उठवत नाही गं, पोरी," म्हणाले. "ढोल्या होता, तोवर कुणाला कळलं नाही."

काखेत हात घालून उठवलं, न्हाणीघरात नेलं. पायजमा भिजत घातलाय. आत नळ वाहतोय, ते अजून बाहेर आलेले नाहीत.

ढोल्याला आजच परत आणायला हवं. नवऱ्याला काय सांगायचं, ते सुचत नाहीये.