बांधावरची विडी

शेवे, मिठागराची वस्ती
चैत्र, १९५७

तीर्थस्वरूप दादांच्या पायाशी धाकट्या दत्तात्रेयाचा दंडवत. तुमचं गोदीतलं काम, वहिनींचा गुडघा आणि तुमचा दमा ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळी खुशाली आहे. आवडाबाईचं छप्पर जळालं तेवढं सोडलं तर खुशालीच म्हणायची. ते जळालं कसं आणि त्यापायी वस्तीने काय काय आरंभलं हे कळवावं म्हणून पत्र लिहायला बसलो. (दुसरं काही कारण नाही.)

शिमगा नुकताच झाला होता. भर दुपारी बायाबापड्यांसकट सगळी आगरात मीठ ओढत होती. वस्तीत दोघंच होती, आवडाबाईच्या लेकीचं पाळण्यातलं पोर आणि पाय गेल्यापासून पडवीत खाटेवर असलेले आपले बाबा. पेंढ्याच्या छपराला कोणाच्या तरी विडीची ठिणगी लागली. बाबांनी धूर पाहिला, पण उठता येईना. ते ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. तुमची भावजय केसर पाण्याला म्हणून परतली होती म्हणून बरं. ती आत शिरली आणि पोर घेऊन बाहेर आली. तिचे पुढचे केस जळाले, पोराला काही झालं नाही. (ते त्या गडबडीतही झोपलेलंच होतं. बापावर गेलं आहे.) मागून आम्ही धावलो आणि कोंडीतलं खारं पाणी मारून बाकीची घरं वाचवली.

मग प्रश्न आला, विडी कोणाची. वस्तीतल्या एकूणएक पुरुषाने देवाची शपथ घेतली. त्या शपथा ऐकून तर असं वाटावं की आपल्या वस्तीत आजवर कोणी विडी पाहिलेलीही नाही. पण बाबांची खाट आवडाबाईच्या कुडाला लागून. तोंडाने कोणी काही बोललं नाही, मात्र चार माणसं खाटेकडे बघायची आणि लगेच खाली बघायची. बाबांना ते दिसत होतं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

येसाजी मुकादमाने बैठक बोलावली. ठरलं असं की घरात, पडवीत, अंगणात विडी ओढायची नाही. ज्याला ओढायची त्याने खाडीच्या बांधावर जावं. जो सापडेल त्याने गोड्या विहिरीवरून आवडाबाईकडे पाणी भरावं. ही शिक्षा येसाजीनेच सुचवली आणि दुसऱ्या दिवशी पहिला हंडा त्यानेच भरला. (तो म्हणतो, पेटवली नव्हती, नुसती तोंडात होती. केसर म्हणते, नाकातून धूर येत होता.) इथवर ठीक होतं. पण नामाला वाटलं, बंदी आहे तर सगळ्यांना असावी. बाया तव्यावर मशेरी भाजतात तो काय धूर नव्हे? यावर सखुबाई उठल्या. मशेरी ही दात घासायची वस्तू आहे, व्यसन नव्हे, असं त्यांनी पुष्कळ वेळ समजावलं. बोलताना गालात मशेरी होतीच. शेवटी मशेरीही बांधावर गेली.

राहता राहिले बाबा. नाही म्हटलं तरी त्यांचं वय, त्यांचे पाय. येसाजीने मोठ्या मनाने जाहीर केलं की बुधाजीबाबांना नियम लागू नाही. तेव्हा बाबा खाटेवरून बोलले. आवाज अजून बसलेलाच होता.

"ती विडी माझी होती का न्हाय, मला ठावं न्हाय. मी वढत व्हतो, येवढं खरं. नियम पयला मला."

 वर तेच पुढे म्हणाले, "आता केलाव ना नियम? मंग उचला."

तर दादा, हल्ली रोज उन्हं उतरली की आम्ही बाबांना खाटेसकट बांधावर नेतो. डोक्याकडे मी आणि नामा, पायाकडे येसाजी आणि त्याचा भाऊ. ठमाबाईने पहिल्याच दिवशी वाट अडवली. जित्या माणसाला चौघांनी असं न्यायचं हा अपशकुन, म्हणाली. बाबांनी तिला सांगितलं, "मेल्यावर मला विडी कोन देनार हाय? सर बाजूला." बांध अरुंद, त्यात येसाजीचा पाय घसरला की खाट खाडीकडे कलते. बाबा त्या वेळी नावेतल्या तांडेलासारखे हुकूम सोडतात.

पहिल्या दिवशी तिथे पोचलो तर वाऱ्यात बाबांची काडी पेटेना. आम्ही पुढे होणार तोच मशेरीचा तवा बाजूला ठेवून आवडाबाई आली. तिने काडी ओढली, हाताचा आडोसा केला आणि बाबांची विडी पेटवून दिली. म्हणाली, "तुमची असंल नायतर कोनाची असंल. पोर हाय ना, झालं." बाबांनी मान फिरवली. धूर डोळ्यांत गेला म्हणाले. वारा उलटा होता.

आता संध्याकाळी अख्खी वस्ती बांधावर असते. ज्यांना विडी नको, मशेरी नको, तेही येतात. बंदी घालून वस्तीतला धूर गेला, हे खरं. धूर कमी झाला का, ते विचारू नका.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो खाऱ्या हवेतही गंजू नये.

तुमचा,
दत्तात्रेय

ता. क. : वर लिहायचं राहिलं. गेले काही दिवस बाबा विडी पेटवत नाहीत. आवडाबाई काडी पुढे करते, ते राहू दे म्हणतात. विडी नुसती बोटांत धरून बसतात. चव लागत नाही म्हणे. खाणंही कमी झालं आहे. तरी रोज वेळ झाली की उचला म्हणतात.

पुन्हा ता. क. : खाट अशी ठेवायला लावतात की मुंबईहून मोऱ्याच्या धक्क्याला येणारी लाँच दिसावी. तोंड दाखवू नकोस असं ते तुम्हाला ज्या रागाने म्हणाले, तो राग मी पाहिला आहे. आता तो त्यांच्याजवळ नाही. पण ते स्वतः तुम्हाला बोलावणार नाहीत, आणि मी बोलावलं तर मला बोलतील. म्हणून मी काल त्यांना सांगून टाकलं की दादाचं पत्र आलंय, शनिवारच्या लाँचने येतोय. त्यांनी पत्र बघायला मागितलं नाही. केसरला म्हणाले, दाढी करायला न्हाव्याला बोलाव. तो येऊन करून गेला.

दादा, मला खोटं पाडू नका.