चिपा जमवायच्या तर

तात्यापारा, रायपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. बंडूदादास,

विनोदिनीचा नमस्कार. वहिनींलेही सांग. इकडं सारं ठीक आहे. दिवाळीत गुडघा धरला होता, आता बाजारात जाऊन येते. निरंजनच्या लग्नाची पत्रिका पोचली. मीरा फोटोत हसरी दिसते. बिलासपूरले थंडी सुरू झाली असेल, तू मफलर बांधत जा.

परवा फोनवर माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तू फोन ठेवलास. म्हणून पत्र लिहून राहिली. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली, तेव्हा एवढं माहीत आहे की पत्र अर्ध्यातून कापता येत नाही. फाडता येते, पण आधी उघडावं तर लागते.

तू म्हटलंस की मी जुगाराचं सामान घरात भरून ठेवलं आहे आणि आता तुझ्या पोराच्या डोक्यातही तेच भरवून राहिली. निरंजननं मले काय विचारलं अन् मी काय सांगितलं, ते जसंच्या तसं खाली लिहिते. वाचून झाल्यावर त्यात जुगार कुठं दिसला ते मले दाखव.

त्यानं विचारलं, "आत्या, चिपा जमवायच्या तर सुरुवात कुठून करू?" (मी चिपाच म्हणते. चिप्स म्हटलं की शेजारच्या शेवंताबाई बटाट्याच्या समजतात.)

मी म्हटलं, आधी मॉलमधला तो पेटीवाला सेट घेऊ नको. त्या चिपा हातात जड लागतात, लोकांले वाटते वा, काय माल आहे. आत लोखंडाची चकती टाकलेली असते. चुंबक लावला की चिकटते. कसिनोत पैशांऐवजी वापरतात ती चिप बहुतेक नऊ-दहा ग्रामची, प्लॅस्टिकमध्ये खडूसारखी भुकटी मिसळून साच्यात दाबलेली. सोनारासारखा छोटा काटा घे, त्यावर तोल. मग तिची कड पाहा. कडेवर जे रंगाचे पट्टे दिसतात ते वरून रंगवलेले नसावेत. वेगळ्या रंगाचे तुकडे बसवून एकत्र दाबले असतात, म्हणून नखानं खरवडलं तरी जात नाहीत. मधलं चित्रही बोटाले लागलं नाही पाहिजे. लागलं तर ते स्टिकर.

सुरू असलेल्या कसिनोची चिप कोणी विकत असेल तर हात लावायचा नाही, हे मी त्याले दोनदा सांगितलं. बंद पडलेल्या ठिकाणच्या घ्यायच्या. दुनियाभर कसिनो बंद पडतात आणि त्यांच्या उरलेल्या चिपा जमवणाऱ्यांच्या हाती येतात. विकणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो मागायचा. कडेचा फोटो द्यायले जो टाळाटाळ करतो त्याले रामराम. सुरुवातीले एकेका रंगाची एकच घ्यायची, हाव करायची नाही. मळली तर साध्या पाण्यात थोडा साबण आणि मऊ ब्रश. गरम पाणी नाही. ऊन तर बिलकूल नाही. मी एक पिवळी चिप मे महिन्यात खिडकीत विसरली, संध्याकाळी पाहते तर पापडासारखी वाकली होती. मले रडू आलं, खोटं काहून सांगू.

माझ्याजवळ आज दोनशे अकरा आहेत. बांगड्यांच्या डब्यांत ठेवते. कोणती चिप कुठल्या गावची, कोणाकडून आली, ते वहीत लिहिलं आहे. पुरीच्या एका मास्तरांशी अदलाबदल चालते, ते नाणी सोडून याच्यात आले. आजवर मी पत्त्याचा एक डाव खेळली नाही. मले तीन पत्तीही येत नाही, तूच लहानपणी शिकवायले गेला होतास अन् वैतागला होतास.

आता मुद्द्याचं लिहिते. मघापासून चिपांच्या कडेकडेनं फिरून राहिली, ते तुले कळलंच असेल.

तुले खरा त्रास चिपांचा नाही. तुले माझी पोरगी, निधी, नको आहे. लग्नाले ये म्हणालास, तिलेही घेऊन ये म्हणालास, पण कोणी विचारलं तर 'होटल लाइन' सांग म्हणालास. हा शब्द तू शोधला नाहीस, दादा. मीच शोधला. सहा वर्षांपूर्वी पोट्टी गोव्याले कसिनोच्या जहाजावर पत्ते वाटणारी डीलर म्हणून लागली, तेव्हापासून तात्यापाऱ्यातल्या प्रत्येक हळदीकुंकवाले मी तो वापरला. इतक्यांदा की मलेच खरा वाटायले लागला. तिच्याशी मात्र बोलणं बंद केलं. हे, तिचे बाबा, सिलतऱ्याहून, कारखान्यातून, रोज दुपारी तिले फोन करत. मले माहीत होतं. माहीत नसल्यासारखी राहिली.

हे गेले तेव्हा तू नऊ दिवस दवाखान्यात माझ्याजवळ बसलास. ते मी विसरली नाही आणि विसरणारही नाही. तेरवीच्या आधी तू म्हटलंस, "सारे नातेवाईक येतील, पोट्टीले विचारतील, विचार कर." तू एवढंच म्हटलंस. फोन मी केला. "तेरवीले येऊ नको, लोक काय म्हणतील," असं माझ्या तोंडानं मी माझ्या पोरीले सांगितलं. तिनं तिकीट काढलं होतं. बापाच्या तेरवीले ती गोव्यात ड्यूटीवर उभी होती आणि मी इथं पंगतीत लाडू वाढून राहिली होती.

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. सारे समजतात तिले सुट्टी मिळाली नाही.

पाच महिने तसेच गेले. मग एक दिवस मी पेन्शनच्या कामाले जाते म्हणून शेजारी किल्ली दिली आणि गोव्याची गाडी पकडली. तिले कळवलं नाही. दुपारी बाकी पर्यटकांसारखं तिकीट काढून जहाजावर गेली. माझी सुती साडी पाहून दारावरची पोरगी म्हणाली, "आंटी, खाना ऊपर है." मी म्हटलं, "मले खाली जायचं आहे."

निधी एका टेबलावर उभी होती. केस घट्ट बांधलेले, काळं जाकीट. मी खांबाजवळ थांबली. समोरचा एक माणूस हरला आणि तिलेच वाकडंतिकडं बोलायले लागला. तिनं आवाज चढवला नाही. "सर, प्लीज," एवढं म्हणून तिच्या वरच्या साहेबाले हात केला. थोड्या वेळानं तिची पाळी बदलली. टेबल सोडताना तिनं टाळी वाजवल्यासारखे हात झटकले आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून वरच्या कॅमेऱ्याले दाखवले. काही घेतलं नाही, हे दाखवायचं असते. युनिफॉर्मले खिसेही नसतात. दिवसातून आठ-दहा वेळा माझी पोरगी आपले रिकामे हात दाखवते. आणि मी तिले तिच्या बापाच्या तेरवीले बोलवलं नाही, तिच्या कामाची लाज वाटते म्हणून.

ती वळली अन् तिले मी दिसली.

"आई? तू यहाँ?"

"जेवलीस का?" मी म्हटलं.

ड्यूटी संपल्यावर धक्क्याजवळ आम्ही पाव-भाजी खाल्ली. मी म्हटलं, "तेरवीले मामानं नाही म्हटलं असं तुले वाटत असेल, तर तसं नाही. मीच नाही म्हटलं."

ती पाव तोडत म्हणाली, "पता है आई. फोन मामा के नंबर से थोड़ी आया था."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. रात्री नीट झोप म्हणून आपली गादी मले दिली. सकाळी तिच्या खोलीत एक ट्रे दिसला, सरावाच्या चिपा. शिकणाऱ्या पोरी त्यांच्यावर हात बसवतात. वीस-वीसच्या थप्प्या न मोजता बोटानं अचूक कापता आल्या पाहिजेत, ती म्हणाली, आणि करून दाखवलं. मी शिकायले बसली, माझ्या सगळ्या सांडल्या. ती पोट धरून हसली. किती वर्षांनी. निघताना तिनं त्यातली एक मले दिली, निळी, किंमत न लिहिलेली. ती माझी पहिली चिप. तिच्या जहाजावरची एकही माझ्याजवळ नाही, ते नियमात नाही आणि तिनं कधी दिलीही नसती.

म्हणून दादा, चिपा मी टाकणार नाही. निरंजनले सांगायचं बंद करणार नाही. चोवीस तारखेले आम्ही दोघीही येतो, आणि पोट्टी काय करते असं कोणी विचारलं तर ती स्वतः सांगेल. हे चालत नसेल तर तसं मले लिहून कळव. फोन करू नको. मी एकदा फोनवर एकीले येऊ नको म्हटलं आहे, ते किती सोपं असते ते मले माहीत आहे.

तुझी,
विनोदिनी


तात्यापारा, रायपूर
२८ नोव्हेंबर २०२४

ती. बंडूदादास,

नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. भाटापाऱ्याले गाडी बराच वेळ उभी राहिली, बाकी त्रास नाही. वहिनींनी दिलेला चिवडा पोचण्याआधीच संपला.

तू लिहून कळवलं नाहीस, म्हणून आम्ही आलो. मांडवात जे झालं ते तू अर्धंच पाहिलंस. उरलेलं मी सांगते.

मीराच्या काकांनी विचारलं, "बिटिया क्या करती है?" तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तूच घाईनं म्हणालास, "होटल लाइन में है." निधी तुले म्हणाली, "नाही मामा," आणि मग त्यांच्याकडं वळून, "होटल नहीं अंकल, कसिनो में डीलर हूँ. अब नई लड़कियों को सिखाती हूँ." आजूबाजूच्या चार-पाच खुर्च्या आमच्याकडं वळल्या. तू "वाढपी कुठं गेले" म्हणत उठून गेलास.

तू गेल्यावर मीराच्या आईनं खुर्ची पुढं ओढली. तिनं विचारलं, "पूरी ड्यूटी खड़े-खड़े?" निधी म्हणाली, "हव." "तो चप्पल कौन सी पहनती हो? मैं सिस्टर हूँ, तीस साल वार्ड में खड़ी रही, एड़ियाँ गईं मेरी." मग दोघी अर्धा तास टाचा, मोजे आणि गरम पाण्यात मीठ किती टाकायचं यावर बोलत बसल्या. काकाही हळूच म्हणाले, त्यांचे पाय दुखतात. दादा, सहा वर्षं मी ज्या प्रश्नाले भिऊन खोटं बोलली, त्याच्यापुढचा प्रश्न चपलेचा होता.

निरंजन आणि मीरा पाया पडायले आले, आधी माझ्या, मग निधीच्या. निधीनं त्यांले उठवलं अन् म्हणाली, "मैं छोटी हूँ रे, पागल." सारे हसले. तू नव्हतास. चार वाजता आम्ही निघालो तेव्हा तू गेटवर बँडवाल्याशी बोलत होतास. आम्हाले पाहिलंस आणि पाठ फिरवलीस. निधी म्हणाली, "जाऊ दे आई." मी जाऊ दिलं नाही, मागं आली अन् तुझ्या पाठीले म्हटलं, "येतो दादा." तू मान हलवलीस. तेवढं मी पाहिलं.

मी माफी मागायले लिहीत नाही, जिची मागायची होती तिची मागून झाली. तू मागावीस असंही नाही. निधी जानेवारीत आठ दिवस घरी येते. वहिनींले घेऊन ये. जेवायले झुणका करीन, तुले आवडते तसा. फक्त दारातून मले हाक मारू नको. तिले हाक मार, नाव घेऊन, गल्लीत ऐकू जाईल अशी.

तुझी धाकटी बहीण, पण त्याच्याआधी निधीची आई,
विनोदिनी