अम्ब्रोजच्या दगडावरची रिकामी जागा

दूध आणायला पाठवलं तर लोणी घेऊन येणारी तुम्ही माणसं. कुणाला काय द्यायचं ते तोंडी सांगून ठेवलं, तर मला दफनभूमीपर्यंत नेईतो निम्मं विसराल. म्हणून हे लिहून घेतलं आहे.

मी, नेली ऑल्डरॉइड, वय सत्त्याऐंशी, धंदा पूर्वी गिरणीत विणकाम, राहणार बॉबिन गल्ली, हेझलक्लफ, यॉर्कशर. मजूर पक्षाचे चौतीस वर्षं खासदार असलेले कै. अम्ब्रोज ऑल्डरॉइड यांची विधवा. माझी अक्कल जागेवर आहे. मला कुणाचा धाक नाही. धाक घालणारे सगळे माझ्याआधी गेले. मला लिहितावाचता येत नाही. मी सांगते, वकील पिकर्सगिल लिहितात. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यातला मजकूर अम्ब्रोजचा होता, माझी फक्त फुली होती.

१. राहतं घर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, नात ज्युडिथ हिला. तिला चौथ्या वर्षापासून मी वाढवलं. ती आज साक्षीदार म्हणून सही करायला निघाली होती. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीत तर घरावर पाणी सोडा." तिने चटका बसल्यासारखं पेन टाकलं.

२. बँकेत जे असेल ते वाचनालयातल्या, मोठ्या माणसांना अक्षरं शिकवणाऱ्या वर्गाला. अम्ब्रोजने याच स्वयंपाकघरात अकरा हिवाळे गिरणीकामगारांना वाचायला शिकवलं. मी त्यांना चहा करत होते. मला शिकवायचं राहून गेलं. मीही म्हटलं नाही. चहा कुणी केला असता?

३. अम्ब्रोजची भाषणं, बिल्ले, मोर्चातले फोटो आणि पाइप पक्षाच्या शाखेला. माझी विणकामाची कात्री मात्र शाखेला नाही, ती ज्युडिथची. शाखेने ती काचेच्या पेटीत ठेवली असती, आणि कात्री कापण्यासाठी असते.

४. या कलमात द्यायचं काही नाही, पण पाचव्याचं कारण यात आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, याची कायद्याला गरज नाही." मी म्हटलं, "मला आहे. लिहा."

संसदेत एक रीत आहे. आमच्या एकाला घरी जाणं भाग असेल तर समोरच्या हुजूर पक्षातला एक जण मतदानाला येत नाही. मत मताला फिटतं. याला जोडी लावणं म्हणतात. अम्ब्रोजने चौतीस वर्षांत एकदाही जोडी लावली नाही. "हुजुरांकडून रजा मागू?" म्हणायचा. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या.

सव्वीस वर्षांपूर्वी आमची मुलगी मेरियल, ज्युडिथची आई, रक्ताच्या आजाराने इस्पितळात होती. तेव्हा मजूर सरकार एकेका मतावर तगून होतं. मी सकाळी फोन केला, "ये. आजचा दिवस काढायची नाही ती." तो म्हणाला, "नेली, पक्षवाले सोडत नाहीत गं. आज मतदान आहे. एका मताचा प्रश्न आहे." मेरियल दुपारी चारला गेली. जाण्याआधी तिने दोनदा विचारलं, "बाबा गाडीत बसले का?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी आला. सरकार दोन मतांनी वाचलं होतं.

पुढच्या आठवड्यात जेर्व्हेस लॉटन नावाच्या हुजूर खासदाराचं पत्र माझ्या नावाने आलं. अम्ब्रोजने वाचून दाखवलं, "दुःखात सहभागी आहोत."

"एवढंच? शाई तर दोन्ही बाजूंना दिसते."

"हुजूर लोक पाल्हाळ लावतात."

कागद जाड, सुरेख होता म्हणून मी ठेवला. गेल्या महिन्यात खण आवरताना ज्युडिथने तो वाचला. लॉटन लिहितात, मी दुपारी बारालाच तुमच्या यजमानांना म्हटलं, तुम्ही जा, मी मत देणार नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी तरीही त्यांना सांगून, मत न देता घरी निघून गेलो. मग तरी ते निघाले असतील, त्यांना गाडी मिळाली असेल, अशी आशा आहे.

म्हणजे अम्ब्रोज आला असता, तरी सरकार एका मताने वाचलंच असतं. आणि त्याला ते ठाऊक होतं.

ज्युडिथ रडली. मी चहा संपवला. राग येईल म्हणून महिनाभर वाट पाहिली. आला नाही. दात काढायला सुई टोचल्यावर गाल असतो, तसं आहे.

अम्ब्रोज खोटारडा नव्हता, हेही लिहा. गिरणीच्या धुळीने ज्यांची फुप्फुसं गेली त्यांना त्याने भरपाई मिळवून दिली. दर शनिवारी गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं या दारापासून कोपऱ्यापर्यंत उभी असत. जन्मात एकदाच खोटं बोलला. ते माझ्याशी बोलला.

५. शाखेने अम्ब्रोजच्या थडग्यावर मोठा दगड बसवला आहे. खाली माझ्या नावापुरती जागा सोडली आहे. ती रिकामीच ठेवावी. मला चॅपलमागे, वरच्या रांगेत, मेरियलच्या कबरीत ठेवावं. तिच्याजवळ त्या दिवशी एकच माणूस होतं, तेच पुढेही असू द्या.

ज्युडिथ म्हणाली, "आजी, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नेलीनेही जोडी लावली नाही."

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवलं. वकिलांनी मी म्हटलं त्यापेक्षा कमी लिहिलं आहे, पण मतलब माझाच आहे.

निशाणी: नेली ऑल्डरॉइड (फुली)
आम्हा दोघांसमक्ष, आमच्या देखत:
एल्सी थॅकरे, शेजारीण
नॉर्मन बूथरॉइड, निवृत्त पोस्टमन
हेझलक्लफ, ९ एप्रिल २००३

(फुलीनंतर सांगितलेलं. वकिलांच्या मते बंधनकारक नाही. बाईंच्या मते आहे.)

लॉटन वारले, पण त्यांच्या पत्नी आहेत. पत्ता ज्युडिथने शोधला आहे. त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. माझ्या दफनानंतर त्यांना एक अख्खा पार्किन केक पाठवा, ओटच्या पिठाचा, काळ्या काकवीचा. आलं घालताना हात आखडू नका. भाजल्यावर चार दिवस डब्यात मुरू द्या, मगच पोस्टात टाका.