तिघं लागतात

प्रिय दादा,

‘बाबांनी स्वस्तात भागवलं आणि माझा पाय गेला.’ हॉस्पिटलच्या खाटेवरून, छताकडे बघत, तू हे एकदाच म्हणालास. बाबा तुझ्या पायाशी उभे होते, मी दाराशी. अठ्ठावीस वर्षं झाली. तू कदाचित विसरलाही असशील. इथे मात्र ते वाक्य रोज आमच्याबरोबर जेवायला बसतं.

पत्र बघून घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. डाव्या हाताचा कंप वाढलाय, तेवढंच. पुढच्या वर्षी त्या हातात पाना राहील की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यामुळेच असेल, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी मागच्या खोलीत जाऊन तुझ्या गाडीवरची चादर ओढली. हो, तीच. चिखलातून, दगडधोंड्यांतून उड्या मारणारी तुझी लाडकी मोटरसायकल. तू म्हणालास भंगारात घाला, आणि आईने घातली म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. आई गेली तेव्हा तू दोन दिवस या घरात राहिलास, बाबांशी एक शब्द न बोलता, आणि गाडी भिंतीपलीकडे होती. मला सारखी भीती, तू ते दार उघडशील की काय. नाही उघडलंस.

इंजिन त्यांनी आठवड्यात बोलतं केलं. घोडं अडलं ते मागच्या, हादरे झेलणाऱ्या शॉकअपवर. जुन्या जोडीच्या दांड्यांना गंजाने खड्डे पडलेत, त्यावर तेल अडवणारं कुठलंच सील टिकणार नाही. मूळ कंपनीचे आता बनत नाहीत. परदेशातून मागवायचे, गॅस भरलेले, फार देखणे, पण त्या किमतीत दुसरी गाडी दारात उभी राहील. मग मी बाजारातून एका साध्या गाडीचे आणले. बोल्ट छान बसले, लांबी मात्र चार बोटं कमी. गाडी मागून अशी खाली गेली की बाबा म्हणाले, ‘अगं, ही तर कुत्र्यासारखी बसली!’ आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. या घरात असं हसून किती दिवस झाले होते, कोण जाणे.

शेवटी एक कारागीर सापडला. मापं कळवली की परवडेल अशा किमतीत जोडी बनवून देतो. वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्याच्या मध्यापर्यंत लांबी, छिद्रातल्या रबरी बुशची रुंदी, आणि चालवणाऱ्याचं वजन, कारण स्प्रिंग माणूस बघून घालतात. बाबांनी कागदावर सगळं लिहिलं आणि खाली लिहिलं, साठ किलो. मी बघतच राहिले. बाबा साठ किलोचे नाहीत, माझं तर तू विचारूच नकोस. साठ किलो तू होतास, वीस वर्षांचा असताना. मी म्हटलं, ‘बाबा, दादा आता अठ्ठेचाळीसचा आहे. फोटोत पोट दिसतं त्याचं.’ ते खोडरबर शोधायला लागले. म्हणाले, ‘मग विचार ना त्याला.’ मला विचारवलं नाही. अंदाजाने पंच्याहत्तर लिहून टाकलं.

मागच्या रविवारी जोडी आली. साधी, काळी, ग्रीस लागलेली. मी फडकं घेऊन पुढे झाले, तर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘या वेळी पुसू नकोस हं, पोरी. तेल दिसू दे.’

दादा, आता नीट वाच. शर्यतीच्या आदल्या दिवशी तू सराव करून आलास तेव्हा डाव्या शॉकअपची दांडी तेलाने काळी झाली होती. मला वाटलं, चिखल नि वंगण. उद्या फोटो काढतील, गाडी चकचकीत हवी, म्हणून तू आंघोळीला गेल्यावर मी रॉकेल लावून दोन्ही दांड्या लख्ख पुसल्या. बाबा कारखान्यातून आले आणि नेहमीसारखं त्यांनी दांडीवरून बोट फिरवलं. तेल गळत असेल तर बोटाला लागतं. त्यांचं बोट कोरडं निघालं. दुसऱ्या दिवशी शर्यतीत, उतारावर उरलेलं तेलही संपलं, हादरा झेलायला काही राहिलं नाही, मागचं चाक उसळलं आणि गाडीने तुला उडवून फेकलं. शॉकअप स्वस्त होते, पण बाबांनी गळती बघितली असती तर त्यांनी ते तिथल्या तिथे काढले असते. ती मी लपवली, नकळत. आणि कळल्यावर, हॉस्पिटलच्या त्या दाराशी उभी राहून, कळूनसवरून.

बाबांना तेव्हाच माहीत होतं. तेलाने काळं झालेलं फडकं त्यांना मोरीतल्या बादलीत सापडलं होतं. रविवारी मी विचारलं, का नाही बोललात? तर म्हणाले, ‘तू सोळा वर्षांची होतीस. आणि बघायचं काम माझं होतं.’ एवढं बोलून बोल्ट आवळायला लागले. तू मला दहा नंबरचा पाना म्हणायचास, कारण नेमका हवा तेव्हाच तो सापडत नाही. किती खरं बोलायचास.

तेव्हा माझ्यावर रागव. तो राग इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता. जोडी बसली आहे, पण काम अर्धं आहे. चालवणारा बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं असतं, त्यावरून स्प्रिंग आवळायची की सैल करायची ते ठरतं. एकाने बसायचं, एकाने हँडल धरायचं, एकाने टेप लावायचा. तिघं लागतात, दादा. आम्ही दोघंच आहोत. तू येणार नाहीस, मला ठाऊक आहे. ‘नाही’ म्हणतानाचा तुझा चेहरासुद्धा दिसतोय मला. तरी विचारते. ये, आणि पाच मिनिटं त्या गाडीवर नुसता बस. चालवू नकोस, बोलूही नकोस. टेप बाबा धरतील. त्यांचा हात हलेल, तेवढा वेळ तू हलू नकोस.

तुझीच,
दहा नंबर