उन्हाची खोली

बंगळूर, मार्गशीर्ष, १९६२

चि. विरूपाक्ष यास,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

तू लिहिलंस म्हणून गुरुवारी सकाळी तुझ्यासाठी कौल लावायला मारुतीच्या देवळात गेलो. इथं होतास तेव्हा तू बाहेर चपला राखत बसायचास. आता लंडन सोडून श्रॉपशर परगण्यात दवाखाना काढायचा, तर कुठल्या खेड्यात घर घ्यावं हे त्याच मारुतीनं सांगायचं! एका घराच्या दारात नदी, दुसऱ्याच्या झोपायच्या खोलीत ऊन. मूर्तीला फुलं चिकटवली, पण असला प्रश्न देवापुढं काढायची लाज वाटली. नमस्कार करून परतलो.

स्वयंपाकघरात आई अंथरुणावर खोकत होती. तिला तुझी दोन्ही घरं सांगितली.

"उन्हाचं घे म्हणावं," ती म्हणाली. "माझ्या इरूला थंडी सोसत न्हाई."

"आणि तुला सोसते?"

"माझं काय रे. स्वल्प दिवस राहिलेत."

आपल्या घरात ऊन येणारी खोली एकच. तू साहेब होऊन परतणार म्हणून सात वर्षं तिनं ती कुलपात ठेवली, आणि मीही मुकाट ऐकलं. परतणार नाही, हे तुला सरळ लिहवलं नाही. तू तिकडं घर विकत घेतोयस, त्यावरून आम्ही ओळखायचं.

काल कुलूप मोडलं. तुझं टेबल बाहेर काढलं आणि आईला उचललं. "इरूचा पलंग हाय रे तो!" म्हणून ती ओरडत होती. तिला त्याच पलंगावर, खिडकीशी निजवलं.

तुझा थोरला भाऊ,
कृष्णात