तू हसायचीस म्हणे

आई, तुला नात झाली आहे. अडीच वर्षांची आहे आणि सगळ्या घरावर तिचा हुकूम चालतो. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळे माझं लग्न, माझी नोकरी आणि ती नोकरी सुटणं, यातलं तुला काहीच माहीत नाही. पीथमपूरचा आमचा कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास तुझ्या सुनेला देपालपूरच्या सरकारी शाळेत नोकरी लागली. ती सकाळच्या बसने जाते, दिवेलागणीला परत येते. पोरीजवळ कोणीतरी हवं, म्हणून मी घरी थांबलो. थोडे दिवस, असं ठरलं होतं. अजून थांबलोच आहे. दिवसभर घरात मी आणि ही.

सकाळी कचऱ्याची गाडी 'गीला कचरा, सूखा कचरा'चं गाणं वाजवत गल्लीत शिरली की ही हातातलं टाकून दाराशी पळते. परवा नुकतीच न्हाऊन आली होती, अंगाला टॉवेल गुंडाळलेला, केसांतून पाणी टपकतंय, आणि गाडीवाल्या भैयाला ओरडून म्हणाली, "भिया, मी गीला! बाबा सूखा!" तो पोट धरून हसला. म्हणाला, "तो पापा को सूखे वाले में डाल दूँ?" हिने माझ्याकडे नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "नको. पोहे कोण करेल?"

गाडी पुढे गेली. मी दारात एकटाच हसत उभा होतो, आणि मग हसू आपोआप आवरलं, कारण वळून हे सांगायला घरात कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत असल्या गोष्टी शिळ्या होतात. तुझी सून येते तेव्हा वर्गात ओरडून तिचा घसा बसलेला असतो. मी सांगतो, ती हसते, पण पोरीला मांडीवर ओढून घेताना तिच्या चेहऱ्यावर मला दिसतं की तिला ही गोष्ट ऐकायची नव्हती, तिथे असायचं होतं. म्हणून हल्ली मी अर्ध्याहून जास्त गोष्टी सांगतच नाही.

उन्हं उतरली की मी हिला अन्नपूर्णा मंदिराच्या बाजूच्या बागेत नेतो. तिथे बाकावर आयांचा घोळका असतो. मी जवळ गेलो की त्यांचं बोलणं थांबतं. त्यांचंही चुकत नाही, त्यांच्या गोष्टी माझ्यासमोर बोलायच्या नसतात. एकीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "इसकी मम्मी नहीं आई?" ती अजूनही अधूनमधून विचारते. मी "ड्यूटी पर हैं जी" म्हणतो आणि घसरगुंडीपाशी जाऊन उभा राहतो. ही वरून ओरडते, "बाबा, हटो, ट्रक येतोय!" आणि घसरत येऊन माझ्या पायांवर आदळते. दिवसभरात माझ्याशी मनापासून बोलणारी तेवढी एकच.

दुपारी कणीक मळताना तू आठवतेस. टेलिफोनच्या ऑफिसातून तू येतेस, पर्स खुंटीला लावतेस, पदर खोचून पोळ्या लाटायला बसतेस. मी ताटावर बसून आमच्या गणिताच्या सरांची नक्कल करतोय, नाकातून बोलतोय, पट्टीऐवजी पळी हातात. तू लाटणं न थांबवता म्हणतेस, "पुरे झाला तमाशा. जेव." मी मुकाट जेवलो. त्यानंतर नकला शाळेत केल्या, गल्लीत केल्या, घरात नाही. तुला हसण्याचं वावडं आहे असंच मी धरून चाललो. बाबा नव्हते, तू दिवसभर परक्या लोकांचे आवाज कानात घेऊन बसायचीस. घरी आल्यावर तुला फक्त शांतता हवी असेल. हे आता कळतं, कारण मागच्या आठवड्यात ही डोक्यावर पातेलं घालून कुकरला दटावत होती, "शिट्टी नाही मारायची! चूप!" आणि माझ्या तोंडून तुझेच शब्द निघाले. अगदी तुझ्याच सुरात. हिने पातेलं काढलं, माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या कबुतराकडे वळून बोट रोखलं आणि म्हणाली, "पुले झाला तमाशा. जेव."

मी ओट्याला टेकून खूप वेळ हसलो. मग वाटलं, मी असा होतो का गं? अडीच वर्षांचा असताना मी काय बोलायचो, कोणाला दटावायचो? हे जाणणारी तू एकटी होतीस. आता ते कोणालाच माहीत नाही. पोरीकडे बघताना सारखं वाटतं की ही कोणावर गेली ते विचारायला जागाच उरलेली नाही.

आणि मग गेल्या सोमवारी राजवाड्याच्या बाजारात गेलो होतो, हिच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला. तू मला तिकडे न्यायचीस एवढं आठवतं, दुकान कुठलं ते नाही. एका जुन्या दुकानात शिरलो. ही बूट काढून थेट गादीवर चढली, लोडाला टेकली आणि म्हाताऱ्या शेठजींना म्हणाली, "भिया, चाय लाओ. शक्कर जादा." सगळं दुकान हसलं. शेठजी मात्र माझ्याकडेच बघत राहिले.

"आप आते थे न यहाँ, बचपन में? माताजी के साथ?"

मी म्हणालो, "राजवाडा तो आते थे."

"अरे, यहीं आते थे. इसी गादी पर. कपड़े के थान के पीछे छुप जाते थे और गिराक से बोलते थे, दुकान बंद है, कल आना. माताजी इतना हँसती थीं कि हमको पानी मँगाना पड़ता था."

"हँसती थीं?" मी विचारलं.

"आँख से पानी आ जाता था भिया."

परत येताना रिक्षात ही खांद्यावर झोपली. मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत होतो. म्हणजे तू बाहेर हसायचीस आणि मी बाहेर नकला करायचो, आणि घरात आपण दोघं समोरासमोर बसून गुपचूप जेवत होतो. त्या संध्याकाळी मी तुझ्या सुनेला सगळं सांगितलं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं एकाच वेळी हसलो. पोरगी कशाला हसत होती तिलाच ठाऊक.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. तुझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. कापडाची पिशवी हातात देताना शेठजींनी विचारलं होतं, "वो चश्मे वाली बहनजी न? बैंक में थीं?" आई, तू चष्मा कधी लावलाच नाहीस. आणि बँकेत तू कधी नव्हतीस. मी म्हणालो, "हाँ जी, वही."